फिरंग्यांचे नवे कार्ताझ

सोळाव्या शतकात अरबी समुद्रावर एक विलक्षण व्यापार चालत असे. समुद्र कोणाच्याही मालकीचा नव्हता. पण पोर्तुगीज आरमाराने तो आपलाच आहे असे परस्पर ठरवून टाकले आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या गलबतांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेणे भाग पाडले. परवान्याचे पैसे द्यायचे, पोर्तुगिजांच्या बंदरात जकात भरायची, आणि त्या बदल्यात पदरात काय पडायचे? तर पोर्तुगीज आपणास लुटणार नाहीत, हे पोर्तुगिजांचेच आश्वासन! या आश्वासनाची खरी किंमत १६१३ साली कळली. जहांगीर बादशहाच्या मातेच्या मालकीचे ‘रहीमी’ हे प्रचंड जहाज रीतसर कार्ताझ जवळ असूनही पोर्तुगिजांनी पकडले आणि गोव्यास नेले. कागद खरा होता. कागद देणाऱ्याची नियत बदलली होती.

मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून हा इतिहास आठवला म्हणजे समोरच्या कुरटे बेटावरील तटबंदीचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मोरयाच्या धोंड्यापाशी पूजन होऊन सिंधुदुर्गाच्या कामास आरंभ झाला. पायात शिसे ओतले गेले, तीन वर्षे बांधकाम चालले, आणि महाद्वार असे बेतले गेले की होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दृष्टीसच पडू नये. म्हणजे गुप्ततेची गरज शिवछत्रपतींनाही होती. मात्र ते द्वार त्यांनी गोव्याच्या विजरईकडून भाड्याने घेतले नाही. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तर स्वतःचीच दस्तके काढली आणि ती नाकारणाऱ्या परक्या जहाजांना कोकणकिनाऱ्यावर अडविले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो इशारा आहे, तोही हाच : हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या तराजूमागे यांचे राजे उभे आहेत.

आज त्याच किनाऱ्यावर नव्या कार्ताझाची विक्री सुरू आहे. त्याचे नाव व्हीपीएन.

देवबाग-तारकर्लीपासून आचऱ्यापर्यंत निवास-न्याहारीची घरे आता गावोगाव झाली आहेत. पर्यटकांसाठी घरात वायफाय आले, खोलीचे आरक्षण मोबाइलवर आले, भाड्याचे पैसे यूपीआयने येऊ लागले. त्याबरोबर भीतीही आली. गणपतीला पुण्या-मुंबईहून आलेला पुतण्या ओटीवर बसल्या बसल्या सांगतो, “काकानू, ह्या मोबाइलात घातलास काय कोणाक कायेक कळाचा नाय!” यूट्यूबवर मराठीतून तंत्रज्ञान शिकविणारे तरुण चित्रफितीच्या मध्येच थांबून तेच सांगतात, फरक एवढाच की पुतण्याला त्याचे पैसे मिळत नाहीत आणि यांना मिळतात. हॅकर तुमच्यावर नजर ठेवून आहेत, तुमची बँक धोक्यात आहे, तुमचे सारे जगापुढे उघडे आहे; फक्त महिन्याला इतके डॉलर टाका आणि निर्धास्त व्हा. एका महिन्याचे घेऊ म्हटले तर हजार रुपयांच्या घरात जाणारा हा परवाना दोन वर्षांचे पैसे आगाऊ भरल्यास कितीतरी स्वस्त पडतो, असेही आवर्जून सांगितले जाते. स्वस्ताईचा हा दर पहिल्या मुदतीपुरताच असतो आणि नूतनीकरण चढ्या दराने आपोआप होते, हे मात्र बारीक अक्षरात.

हे पैसे द्यावेत की देऊ नयेत? वस्तू विश्वासार्ह आहे काय आणि असलीच तर आपल्या कामाची आहे काय? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर विकणाऱ्याला विचारण्याची पद्धत पडल्यामुळे तो अवघड झाला आहे.

मुळात ही वस्तू काय आहे, ते टपालाच्या उदाहरणाने समजते. मालवणच्या गृहस्थाने बँकेला पत्र लिहिले आणि ते थेट पेटीत टाकले, तर पत्र कोठे चालले आहे हे पोस्टमनला दिसते. त्याऐवजी त्याने ते पत्र दुसऱ्या मोठ्या लखोट्यात घालून एका दलालाकडे पाठविले. दलालाने बाहेरचा लखोटा फोडला आणि आतले पत्र आपल्या पत्त्यावरून पुढे धाडले. आता पोस्टमनला फक्त दलालाचा पत्ता दिसतो. बँकेलाही दलालाचाच पत्ता दिसतो. पण कोण कोणाला लिहितो, हे दोन्ही बाजूंनी पाहणारा एक माणूस शिल्लक राहतो, तो म्हणजे दलाल. पोस्टमन म्हणजे आपल्याला इंटरनेट पुरविणारी कंपनी. दलाल म्हणजे व्हीपीएन. गुपित नष्ट झालेले नाही, त्याचा साक्षीदार बदलला आहे. पहिला साक्षीदार भारतात परवाना घेऊन बसलेला, भारतीय न्यायालयात खेचता येण्याजोगा होता. दुसरा पनामात किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांत नोंदणी करून बसला आहे.

आणि आतल्या पत्राचे काय? ते तर आधीपासूनच मोहोरबंद असते. बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्याआधी जे कुलपाचे चिन्ह दिसत आले आहे, त्याचा अर्थच हा की मजकूर मोबाइल आणि बँक यांच्यामध्ये कुलूपबंद जातो. यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, बहुतेक सारी संकेतस्थळे आता अशाच कुलपात चालतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी सायबर कॅफेच्या जमान्यात ही स्थिती नव्हती, त्या वेळी या वस्तूला अर्थ होता. आज रेल्वे स्थानकावरच्या किंवा विमानतळावरच्या वायफायवर तिचा थोडा उपयोग होतो, नाही असे नाही. परंतु मालवणच्या घरात बसून वीजबिल भरणाऱ्याला ‘तुमची बँक उघडी आहे’ असे सांगणे म्हणजे ज्याच्या दाराला कुलूप आहे त्याला दार नसल्याची भीती घालणे होय.

मग लोक लुटले कसे जातात? लुटले जातात हे खरेच आहे. ‘सैन्यातून बोलतोय, वीस जवानांसाठी खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असा फोन येतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. वीज तोडण्याचा संदेश येतो, केवायसी संपल्याचा येतो, लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर अ‍ॅपची फाइल येते. पोलिसाच्या गणवेशातला भामटा व्हिडिओवर येऊन ‘डिजिटल अटक’ करतो. या प्रकाराविषयी पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये देशाला सावध करावे लागले. या सर्व लुटींत चोर तार तोडून आत शिरत नाही, घरधनी स्वतःच दार उघडतो. ओटीपी आपल्या तोंडाने सांगितल्यावर तो पनामामार्गे गेला काय किंवा कुडाळमार्गे गेला काय, पैसे जायचे ते जातातच. अशा वेळी उपयोगी पडतो तो १९३० हा फुकटचा दूरध्वनी क्रमांक, आणि तोही पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर. त्याची जाहिरात करण्यात कोणाला दलाली मिळत नाही, म्हणून ती मधल्या मिनिटात ऐकू येत नाही.

दलालाची जातकुळी

व्हीपीएन विक्रेत्यांचे एक आवडते वाक्य आहे : फुकटची सेवा घेऊ नका, फुकटात तुम्हीच माल असता. हे वाक्य खरे आहे. फेसबुकने २०१३ मध्ये ओनाव्हो ही इस्रायली कंपनी घेतली, तिचे ‘संरक्षण’ देणारे व्हीपीएन लोकांना फुकट वाटले आणि त्यातून लोक कोणती प्रतिस्पर्धी अ‍ॅप किती वापरतात हे पाहिले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने याबद्दल फेसबुकच्या उपकंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. होला नावाची सेवा आपल्या फुकट्या ग्राहकांचीच जोडणी तिसऱ्याला विकत होती, हे २०१५ मध्ये उघड झाले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील एका संशोधन संस्थेने दाखवून दिले की अ‍ॅपलच्या अमेरिकी दुकानातील लोकप्रिय शंभर फुकट व्हीपीएनपैकी वीसहून अधिकांची मालकी चीनकडे पोहोचते. ज्या देशाने २०१७ मध्ये आपल्या प्रत्येक संस्थेला गुप्तहेर खात्याशी सहकार्य करणे कायद्याने बंधनकारक केले, त्या देशाच्या हाती आपली सारी ये-जा सोपवायची! गलवानच्या रक्तपातानंतर २९ जून २०२० रोजी भारताने ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा ‘मनोरंजनाच्या अ‍ॅपने देशाचे काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांनी हा तपशील जरूर पाहावा.

पण फुकटचे वाईट, म्हणून विकतचे चांगले, हे कोणत्या तर्कशास्त्रात बसते? नासके आंबे फुकट मिळतात यावरून महागडी पेटी देवगडचीच आहे हे सिद्ध होत नाही. किंमत हा शुद्धतेचा दाखला नव्हे. त्यासाठी पूर्वचरित्र पाहावे लागते, आणि ते पाहू जाता चित्र काही उत्साहवर्धक दिसत नाही.

‘हाइड माय अ‍ॅस’ या (नावापासूनच सभ्य कानांना न रुचणाऱ्या) ब्रिटिश सेवेने २०११ मध्ये न्यायालयीन आदेश येताच आपल्या ग्राहकाच्या नोंदी स्वाधीन केल्या. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे सांगणाऱ्या प्युअरव्हीपीएनने २०१७ मध्ये अमेरिकी तपासयंत्रणेला अशा नोंदी दिल्या की त्यावरून एका स्त्रीचा अमानुष छळ करणारा इसम पकडला गेला. तो नराधम पकडला गेला हे उत्तमच झाले. पण नोंदी नव्हत्या तर त्या आल्या कोठून? हाँगकाँगच्या यूएफओ व्हीपीएनचा दावाही हाच होता. जुलै २०२० मध्ये तिच्या ग्राहकांचे संकेतशब्द आणि पत्ते इंटरनेटवर उघडे पडलेले सापडले. अग्रगण्य मानल्या जाणाऱ्या नॉर्डव्हीपीएनच्या फिनलंडमधील एका सर्व्हरमध्ये मार्च २०१८ मध्ये बाहेरचा माणूस शिरला होता. ग्राहकांना हे कळले ऑक्टोबर २०१९ मध्ये, दीड वर्षाने.

आणखी एक कुळकथा सांगण्याजोगी आहे. क्रॉसरायडर नावाची इस्रायली मूळ असलेली कंपनी होती. तिच्या साधनांचा वापर करून लोकांच्या संगणकांत नको त्या जाहिराती घुसविल्या जात. २०१८ मध्ये तिने ‘केप’ हे नवे नाव धारण केले. (१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याचेही नाव त्यांनी ‘फोर्ट ऑगस्टस’ असे ठेवले होते, नाव बदलल्याने दगड बदलले नाहीत.) या कंपनीने एकामागून एक व्हीपीएन सेवा विकत घेतल्या. सायबरघोस्ट, झेनमेट, प्रायव्हेट इंटरनेट अ‍ॅक्सेस, आणि २०२१ मध्ये ९३ कोटी ६० लाख डॉलर मोजून एक्स्प्रेसव्हीपीएन. त्याच वर्षी तिने आणखी एक खरेदी केली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही : व्हीपीएन सेवांना गुण देणारी, ‘सर्वोत्तम कोणती’ ते सांगणारी संकेतस्थळे चालविणारी कंपनी. परीक्षेला बसलेल्याने परीक्षकच विकत घेतला. पुतण्याने ‘नेटवर वाचून’ दिलेला सल्ला कोणत्या विहिरीचे पाणी आहे, हे यावरून समजावे.

एक्स्प्रेसव्हीपीएनच्या खरेदीची घोषणा झाली त्याच आठवड्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने आणखी एक माहिती प्रसिद्ध केली. या कंपनीचा मुख्य माहिती अधिकारी पूर्वी संयुक्त अरब अमिरातीसाठी परक्यांचे फोन आणि संगणक फोडण्याच्या मोहिमेत होता, आणि दंड भरून त्याने खटला टाळला होता. कंपनीने सांगितले की त्याची पूर्वपीठिका ठाऊक होती आणि तरीही त्याच्यावर विश्वास आहे. ठीक आहे; कुलपे फोडणाऱ्याला कुलपांची उत्तम माहिती असते, हा युक्तिवाद करता येतो. ज्याच्या तिजोरीचा प्रश्न आहे त्याने तो स्वीकारायचा की नाही, ते ठरवावे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनच्या पोलिसांनी मुलव्हाड या सेवेच्या कार्यालयावर झडतीचा हुकूम घेऊन धाड घातली आणि ते रिकाम्या हाताने परतले, कारण नेण्यासारखी नोंदच तेथे नव्हती. ही सेवा ग्राहकाचे नाव विचारत नाही, ईमेल मागत नाही, महिना पाच युरो हा एकच दर ठेवते आणि दोन वर्षांच्या सवलतीचे आमिष दाखवीत नाही. एक्स्प्रेसव्हीपीएनचाही तुर्कस्तानातील सर्व्हर २०१७ मध्ये जप्त झाला, तेव्हा त्यात काही सापडले नव्हते. अर्थात तेव्हा तिचा मालक वेगळा होता. सारांश, प्रामाणिक दलाल असू शकतो. पण त्याचा प्रामाणिकपणा जाहिरातीत कळत नाही, धाड पडल्यावर कळतो. मोठमोठ्या लेखापरीक्षण संस्थांकडून तपासणी करून घेतल्याचे दाखले मिरविले जातात, तेही तपासणीच्या दिवशी जे दाखविले तेवढ्यापुरतेच. मालकी उद्या बदलू शकते, जुना दाखला मात्र संकेतस्थळावर तसाच झळकत राहतो.

कायदा कोणाला?

आता राष्ट्रीय प्रश्नाकडे. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली निर्देश काढला की भारतात व्हीपीएन विकणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि त्यास दिलेला आयपी पत्ता यांची नोंद पाच वर्षे ठेवावी. कचेऱ्यांच्या अंतर्गत वापरातील व्हीपीएन यातून वगळण्यात आले. मुदत वाढवून २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत देण्यात आली. परिणाम काय झाला? एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन या कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हर उचलले आणि ‘आम्ही भारतीयांच्या खासगीपणासाठी हे करीत आहोत’ असे जाहीर केले. आपल्याकडील तथाकथित पुरोगामी मंडळींनी लगेच स्वातंत्र्याचा अंत झाल्याचे गळे काढले.

एक गोष्ट मात्र कोणी मोठ्याने सांगितली नाही. सर्व्हर गेले, दुकान गेले नाही. भारतीय ग्राहकाचे पैसे घेणे चालूच राहिले. काहींनी तर भारताचा पत्ता सिंगापूर किंवा लंडन येथून देण्याची युक्ती काढली. म्हणजे कायदा नको, कर्तव्य नको, येथल्या न्यायालयाचे समन्स नको; केवळ गिऱ्हाईक हवे. कार्ताझ विकणाऱ्याची भूमिका याहून वेगळी काय होती?

या ठिकाणी मालवणच्या मच्छीमाराची आठवण ठेवणे अगत्याचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी ‘कुबेर’ या पळविलेल्या मच्छीमार नौकेतून मुंबईच्या किनाऱ्याला आले. त्यांचे सूत्रधार पाकिस्तानात बसून अमेरिकेतील एका कंपनीच्या इंटरनेट दूरध्वनी सेवेवरून त्यांना हुकूम देत होते. त्या सेवेचे पैसे इटलीतून भरले गेले होते, आणि फोन ऑस्ट्रियाच्या क्रमांकावरून येत असल्याचे भासत होते. या हल्ल्यानंतर बंधने कोणावर आली? दांडी, देवबाग, तोंडवळीच्या दर्यावर्दी समाजावर. नौकांची नोंदणी कसोशीने झाली, त्यांना ठरावीक रंग आले, खलाशांच्या बोटांचे ठसे घेऊन ओळखपत्रे दिली गेली. ज्याचे पणजोबा याच पाण्यात जाळी टाकीत होते, त्याने ओळखपत्राविना समुद्रात जायचे नाही, हे त्याने देशासाठी मान्य केले. कुरकुर केली असेल, पण मानले. मग ज्या मुखवट्याआड त्या रात्रीचे हुकूम दिले गेले, तसले मुखवटे विकणाऱ्या परदेशी कंपनीने आपल्या गिऱ्हाइकाचे नाव लिहून ठेवावे, एवढीच अपेक्षा केली तर ती हुकूमशाही कशी ठरते? ऑक्टोबर २०२४ मध्ये विमानांत बॉम्ब असल्याच्या खोट्या धमक्यांची लाट आली, तेव्हाही तपासाची वाट व्हीपीएनच्या भिंतीशी येऊन अडत होती. ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, मे २०२५ मध्ये, राजौरी, दोडा यांसारख्या जिल्ह्यांत प्रशासनाला व्हीपीएनवर तात्पुरती बंदी घालावी लागली, ती हौसेखातर नव्हे.

तथापि येथे आपल्याच घरातील एका वाक्याचाही समाचार घेणे भाग आहे. ‘ज्याच्या मनात पाप नाही त्याला लपवायचे काय?’ हे वाक्य संघपरिवारातील सज्जन माणसेही सहज बोलून जातात. त्यांनी १९७५ आठवावे. आणीबाणीत ४ जुलैला संघावर बंदी आली, मिसाखाली कार्यकर्ते तुरुंगात गेले, आणि बाहेर राहिलेल्यांनी भूमिगत पत्रके छापली, निरोप हातोहात पोहोचविले, टोपणनावांनी प्रवास केला. पत्रे फोडली जात होती म्हणून पत्रे टाळली. त्यांच्या मनात पाप होते काय? खासगीपणा हा गुन्हेगाराचा आडोसा नसून नागरिकाचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. ज्यांनी आणीबाणी भोगली त्यांना ते न्यायालयाने सांगण्यापूर्वीच ठाऊक होते. तेव्हा सरकारने पाच वर्षांच्या नोंदी ठेवण्यास सांगितले, तर त्या नोंदी कोण, कोणत्या आदेशाने, किती काळ पाहील, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. आणि त्या सुरक्षित राहतील काय, हेही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेची संगणक यंत्रणा खंडणीखोरांनी ठप्प केली होती, हे विसरता येणार नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे. हा विलंब अभिमानास्पद नाही. मात्र आपल्या सरकारला प्रश्न विचारता येतो, त्याला मतपेटीतून घालविताही येते. १९७७ मध्ये तेच झाले. व्हर्जिन बेटांतील कंपनीला कोणत्या मतपेटीतून घालवायचे?

स्वदेशीचा शिक्का मारला म्हणजे काम भागले, असाही समज नको. २०२५ च्या उत्तरार्धात झोहोच्या ‘अराताई’ या भारतीय संदेश अ‍ॅपवर देशप्रेमाने लाखो लोक गेले, आणि त्या वेळी त्यातील लिखित संदेशांना व्हॉट्सअ‍ॅपसारखे दोन टोकांमधले कुलूप नव्हते. कंपनीने ते मान्य केले आणि सुधारणेचे काम हाती घेतले, हे तिच्या प्रामाणिकपणाला शोभणारे. पण वस्तू आपली असो वा परकी, ती वाजवूनच घेतली पाहिजे. मालवणच्या बाजारात बांगडासुद्धा कल्ले उचलून पाहिल्याशिवाय कोणी घेत नाही.

मग कोणाला ही वस्तू लागते? ज्यांच्या कचेरीने ती दिली आहे त्यांना. घरून काम करणारी मुले ती वापरतात, तिचे पैसे कचेरी भरते आणि तिची जबाबदारीही कचेरीची असते. याउलट केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांनी बाहेरच्या व्हीपीएन सेवा वापरू नयेत, असे जून २०२२ मध्येच बजावण्यात आले आहे. वारंवार परदेशी फिरणारा व्यापारी किंवा बोटीवर काम करणारा, निरनिराळ्या बंदरांतील वायफायवर विसंबणारा खलाशी, यांना ती थोड्या दिवसांसाठी उपयोगी पडू शकते. परदेशातला क्रिकेट सामना पाहण्यासाठी किंवा दुसऱ्या देशातील स्वस्त दराने चित्रपट पाहण्यासाठी ती घेणारेही पुष्कळ आहेत. तो सुरक्षेचा विषय नाही, त्याला खोटे तिकीट म्हणतात. आणि पालकांनी हेही लक्षात घ्यावे की मुलाच्या मोबाइलमध्ये व्हीपीएन असले म्हणजे घरातील वायफायवर घातलेली सारी बंधने निरर्थक होतात. पैशांच्या ऑनलाइन जुगारावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला, तरी परदेशी जुगारअड्ड्यांकडे जाणारी चोरवाट याच भुयारातून जाते.

सर्वांत नाजूक प्रश्न आखातातील मुलांचा आहे. सिंधुदुर्गातल्या किती घरांतला कर्ता मुलगा दुबई-अबुधाबीला आहे, याची मोजदाद करण्याची गरज नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला येणाऱ्यांत ते ओळखू येतात. अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश जातात, पण बोलणे आणि चेहरा दिसणे बंद असते. म्हणून व्हीपीएन घालून आईशी बोलायचे, ही पद्धत सर्रास आहे, आणि विक्रेते हीच गरज हेरून जाहिरात करतात. तेथील कायदा ते सांगत नाहीत. अमिरातीचा २०२१ चा सायबर गुन्हे कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. गुन्हा करण्याच्या किंवा तो उघडकीस येऊ न देण्याच्या हेतूने आयपी पत्ता लपविल्यास त्यात तुरुंगवास किंवा पाच लाख ते वीस लाख दिरहॅम दंड सांगितला आहे. रुपयांत ही रक्कम कोटीच्या पलीकडे जाते. कंपन्या आणि बँका कामासाठी व्हीपीएन वापरतात, त्यास तेथे मज्जाव नाही. पण बंद केलेली दूरध्वनी सेवा मिळविण्यासाठी ते वापरणे कोणत्या बाजूला पडेल, हे तेथील अधिकारी ठरविणार, मालवणचा मुलगा नव्हे. अशा मुलावर बालंट आले, तर पनामातील कंपनी वकील देणार आहे काय? तिच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेले असते की स्थानिक कायदा पाळण्याची जबाबदारी ग्राहकाची आहे.

आणि हे सारे कशासाठी, तर ज्याला उघड वाट उपलब्ध आहे अशा कामासाठी. अमिरातीच्या दूरसंचार नियामकाने झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स, गूगल मीट, बोटिम यांसारख्या सेवांना परवानगी दिलेली आहे. घरच्या माणसांना एकदा ते मोबाइलात बसवून द्यावे लागते, एवढेच. ज्याला तरीही कोणत्या कारणाने व्हीपीएन घ्यावेच लागणार असेल, त्याने एका महिन्याचेच घ्यावे, आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावे, आणि पैसे भरण्यापूर्वी कंपनीचा आजचा मालक कोण व तिच्यावर धाड किंवा खटला आला तेव्हा काय निघाले, या दोन गोष्टी शोधून पाहाव्यात. गुणपत्रिका देणाऱ्या संकेतस्थळांवर नव्हे, बातम्यांत. येत्या चतुर्थीला घरच्या गणपतीची आरती दुबईला दाखवायची असेल, तर पुतण्याने काकांच्या मोबाइलात त्या परवानगी असलेल्यांपैकी एखादे अ‍ॅप घालून द्यावे आणि काकूला त्याचे बटण कोणते ते दोनदा दाखवावे.